जीपचा पत्रा सपाट का राहिला

क्वाड बाइकचं (चार चाकांच्या, खडकाळ रस्त्यावरच्या बाइकचं) तुटलेलं प्लास्टिकचं मडगार्ड काढून तिथे पत्र्याचं बसवायचं ठरलं, की मिस्त्री पहिल्यांदा पुठ्ठा मागतो. पुठ्ठा गाडीवर धरून घड्या पाडायच्या, उलगडून पत्र्यावर आखायच्या, मग कटिंग आणि बेंडिंग. तयार होऊन बसतं ते मडगार्ड बहुतेक वेळा जीपच्या मडगार्डासारखं दिसतं. ही नक्कल नव्हे. पत्रा एका दिशेला सहज वाकतो. दोन दिशांना एकदम वाकवायचा म्हटला तर ठोकून ठोकून ताणावा लागतो, नाहीतर साच्यात दाबावा लागतो, आणि साचा परवडत नाही. जीपच्या आकारामागेही अशीच घाई आणि काटकसर होती.

जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांना हलकी टेहळणी गाडी बनवायला बोलावलं. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता आणि वजन 1,300 पौंडांच्या, म्हणजे साधारण 590 किलोंच्या आत. एवढ्या कमी वजनात टिकाऊ गाडी कोणालाच बसवता आली नाही, लष्कराला मर्यादा वाढवावी लागली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलरच्या बँटम कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरकडून आराखडे करून घेतले आणि 23 सप्टेंबरला हातांनी घडवलेली गाडी लष्कराच्या होलाबर्ड छावणीत पोचवली. तिची पुढची मडगार्डं मात्र गोलसर होती. सपाट बॉनेट, सरळ उभं तोंड आणि जाळीमागे सुरक्षित हेडलाइट हे फोर्डच्या 'पिग्मी' नावाच्या नमुन्यातून आलं. स्पर्धेतल्या तिसऱ्या कंपनीचं, विलीजचं, इंजिन दमदार होतं, म्हणून प्रमाण गाडी विलीजची ठरली, पण तोंड फोर्डचं राहिलं. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीप तयार झाल्या. त्या सपाट बॉनेटवर नकाशे पसरले गेले, जेवणं झाली आणि धर्मगुरूंनी प्रार्थनेसाठी वेदीही मांडली.

पत्र्याचं शहाणपण जाळीत दिसतं. विलीजच्या पहिल्या सुमारे 25 हजार गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली होती: जड आणि वेळखाऊ. फोर्डने तीच एका पत्र्यातून दाबून काढली, नऊ उभ्या खाचांची. 1942 मध्ये विलीजनेही तीच घेतली. सात खाचा आल्या त्या युद्धानंतरच्या नागरी जीपला.

सगळंच काही शहाणपणाचं नव्हतं. फरशीखाली टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या आणि मजबुतीसाठी त्यांच्या पोटात लाकूड भरलेलं होतं. लाकडाने पाणी धरलं, पत्रा आतून कुजला. ड्रायव्हरच्या सीटखालच्या पेट्रोल टाकीच्या खोलगट जागेतही पाणी साचायचं. जुनी जीप उघडलीत तर आधी या दोन जागा बघा. वरचा रंग चकचकीत असतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की पत्रा पापडासारखा मोडतो. नवा पत्रा टाकताना गेज, म्हणजे पत्र्याची जाडी, सांभाळायला हवा. 18 गेज म्हणजे साधारण सव्वा मिलीमीटर. त्याहून पातळ घेतला तर फडफडतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पोट काढतो. म्हणूनच सलग शिवण न मारता लांब लांब टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, द्यायचे, मध्ये थंड होऊ द्यायचं. मोठ्या सपाट पत्र्यावर उठावाच्या रेघा काढतात त्याही शोभेसाठी नाहीत; त्यांच्यामुळे वजन न वाढता पत्रा ताठ राहतो.

युद्धानंतर या बॉडीला दोन-तीन देशांत वेगवेगळं आयुष्य मिळालं. मुंबईत महिंद्रांनी 1947 मध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात जीप मागवल्या आणि 1949 पर्यंत माझगावात जुळणी सुरू झाली. पुढे सीजे-3बी हे उंच बॉनेटचं मॉडेल इथे वर्षानुवर्षं बनत राहिलं. नवं इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेट वर उचललं, एवढंच. फिलिपिन्समध्ये अमेरिकेने मागे सोडलेल्या जीप लांबवून जीपनी नावाच्या प्रवासी गाड्या झाल्या. लास पिन्यासमध्ये 1953 पासून साराओचा कारखाना त्या घडवत आला. तिथल्या पत्राकामाची ख्याती एवढी, की अमेरिकेतले जुन्या जीपचे शौकीन आज तिथल्या एम. डी. जुआन कंपनीच्या नव्या बॉड्या मागवतात. आपल्याकडे लष्कराच्या डिस्पोजलच्या जीपवरून हरियाणातल्या मंडी डबवालीचा बाजार उभा राहिला. त्या कारागिरांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करायला मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 मुभा देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. बॉडी बनवून घेण्याआधी आरटीओत विचारा, खर्च झाल्यावर नको.

या प्रवासाचं वर्तुळ पुन्हा अमेरिकेत, मिशिगनमध्ये फिरून आलं. मार्च 2018 मध्ये महिंद्रांनी ऑबर्न हिल्समध्ये रॉक्सर आणली: शेतावर आणि माळरानावर चालवायची, रस्त्यासाठी नसलेली, 2.5 लिटर डिझेल इंजिनाची. त्या वर्गातल्या बाकीच्या गाड्या बहुतेक प्लास्टिकच्या, ही पोलादी पत्र्याची. जीपच्या तेव्हाच्या मालक कंपनीने त्याच वर्षी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. वादाचा विषय होता आकार: बाजूचे आणि मागचे सपाट उभे पत्रे, बॉनेटच्याच उंचीला संपणारे. 1940 मध्ये जो आकार घाईतून आला, तो आता कोणाची तरी मालमत्ता होता. जून 2020 मध्ये आयोगाने रॉक्सरविरुद्ध निकाल दिला. महिंद्रांनी गाडीचं रूप बदललं आणि डिसेंबरमध्ये त्या बदललेल्या गाडीला आयोगाकडून मोकळीक मिळाली.