यांकीज जिंकावेत? कधीकधी, हो!

अमेरिकन बेसबॉलमधल्या बॉस्टन रेड सॉक्सचा खरा चाहता कट्टर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यांकीजच्या विजयासाठी कधीच देव पाण्यात घालून बसत नाही, असं सांगितलं जातं. साफ चूक. २८ सप्टेंबर २०११, नियमित हंगामाचा शेवटचा दिवस. वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गटविजेता नसलेल्या संघाला बाद फेरीत मिळणाऱ्या, एकाच जागेसाठी बॉस्टन आणि टॅम्पा बे, दोघांचे ९० विजय, ७१ पराभव. टॅम्पासमोर यांकीज होते आणि ७-० ने पुढेही होते. तरी टॅम्पाने १२व्या डावात ८-७ ने बाजी मारली. बॉस्टन बाल्टिमोरकडून ४-३ हरून बाहेर. यांकीज जिंकले असते तर बॉस्टनला निदान जादा निर्णायक सामना मिळाला असता. २०२२ पासून तो सामनाच बंद. बरोबरी झाली तर आधी आपसातल्या लढतींचा हिशेब लागतो, म्हणून कोणाचा पराभव मागायचा ते ठरवण्याआधी ती नोंद बघावी. शिवाय आपल्या संघाला सुट्टी असताना तक्त्यात वर असलेला संघ हरला, तरी अंतर अर्ध्याच सामन्याने घटतं.