सातवा सप्टेंबर नववा कसा झाला?

सप्टेंबर हा शब्द मराठी कानाला परका वाटू नये. लॅटिनमधलं 'सेप्टेम' म्हणजे आपलं सप्त, 'ऑक्टो' म्हणजे अष्ट, 'नोवेम' म्हणजे नव आणि 'डेकेम' म्हणजे दश. मग सातवा महिना नवव्या जागी कसा येऊन बसला?

जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. मार्च म्हणजे 'मार्टियस', युद्धदेव मार्सचा महिना. (मार्शल लॉ, मार्शल आर्ट यांतला मार्शलही याच मार्सचा, सैन्यातला हुद्देदार मार्शल मात्र वेगळा, त्याचं मूळ जर्मानिक भाषेतल्या 'घोड्यांचा चाकर' या शब्दात आहे.) हिवाळा सरला, घोड्यांना चारा मिळू लागला की सैन्य बाहेर पडे. आपल्याकडे पाऊस संपल्यावर दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत, तसंच. रोममध्ये २३ मार्चला युद्धाच्या तुताऱ्या शुद्ध करायच्या आणि हंगाम संपला की १९ ऑक्टोबरला शस्त्रं.

दरवर्षी सत्ता हाती घेणाऱ्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे फौजही चालवणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावांनी रोमन लोक वर्ष ओळखत. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून हे कॉन्सल १५ मार्चला पदावर येत. पण स्पेनमधल्या सेगेडा गावाने आपला तट वाढवायला घेतला, रोमने हरकत घेतली आणि लढाई ठरली. १५ मार्चला पदावर येऊन, फौज उभी करून स्पेन गाठेपर्यंत मोहिमेचे मोलाचे महिने निघून जाणार! म्हणून इ.स.पू. १५३ मध्ये पदग्रहणच १ जानेवारीला आणलं. एवढं करूनही त्या वर्षी २३ ऑगस्टला कॉन्सल नोबिलिओरच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. तो अग्निदेव व्हल्कनच्या सणाचा दिवस होता. पुढे रोमन सेनापती त्या दिवशी आपणहून लढाई देत नसत. कॉन्सलांची १ जानेवारी मात्र कायम राहिली. आणि वर्ष जानेवारीपासून मोजलं की सातवा सप्टेंबर नववा होतो.

युद्ध आणि काळ यांची ही गाठ रोमन असली, तरी इंग्रजीतले 'वॉर' आणि 'टाइम' हे शब्द स्वतः लॅटिन नाहीत, दोन्ही जर्मानिक. लॅटिन 'बेलम' म्हणजे युद्ध. ते 'रिबेल'मध्ये उरलं. त्याचं जुनं रूप 'ड्युएलम' इंग्रजीत द्वंद्वाचं 'ड्युएल' झालं. 'टेम्पस' म्हणजे काळ, त्यावरून 'टेम्पररी'.

आणि जानेवारी? तो दारांचा देव जेनस याचा. रोममधल्या त्याच्या मंदिराची दारं युद्ध चालू असेपर्यंत उघडी ठेवत. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने आपल्या कार्याच्या शिलालेखात अभिमानाने नोंदवलंय: आपल्या जन्माआधी, नगर वसल्यापासून, ती फक्त दोनदा बंद झाली होती, आपल्या कारकिर्दीत तीनदा.