एमआरएल सरकारची, अट दुकानदाराची

द्राक्षांचा निर्यात हंगाम सुरू झाला की नाशिक-सांगलीकडे एक वाक्य दरवर्षी कानी पडते: ‘युरोपने माल नाकारला.’ बातम्यांतही ते तसेच उतरते, आणि त्यामागोमाग ‘मग जागतिक व्यापार संघटना काय करते?’ हा प्रश्न येतो. माल नेमका कोणी नाकारला, एखाद्या सरकारने की एखाद्या दुकानदाराने, हे ठाऊक असल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

एमआरएल म्हणजे फळात कीडनाशकाचा जास्तीत जास्त किती अंश चालेल याची कायदेशीर मर्यादा. काढणीपूर्व कालावधी, नमुना, प्रयोगशाळा, ग्रेपनेट (निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंदव्यवस्था) हे सारे बागायतदारांना पाठ आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. एक गैरसमज मात्र जाता जाता दूर करतो: ही मर्यादा जागतिक व्यापार संघटना ठरवत नाही. कोडेक्स ही अन्नमानकांची आंतरराष्ट्रीय यंत्रणा शिफारस करते आणि प्रत्येक देश आपला कायदा करतो. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम लागू होते.

आता खरी गफलत. समजा, एका बुरशीनाशकाची कायदेशीर मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम आहे आणि तुमच्या अहवालात 1.2 आले. कायद्याने माल पास आहे, बंदरावर त्याला कोणी हात लावणार नाही. तरीही निर्यातदार ‘हा प्लॉट त्या खरेदीदाराला चालणार नाही’ म्हणतो, कारण जर्मनीतील काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या एक-तृतीयांशच अंश मान्य करतात. म्हणजे इथे 1.0. शिवाय एकूण किती रसायनांचे अंश सापडले यावरही बंधन असते, म्हणून पाच-सहा रसायने प्रत्येकी नगण्य प्रमाणात निघाली तरी माल अडतो. अहवाल एकच, आकडा एकच, पण निकाल दोन.

पहिल्या निकालामागे सरकार असते, म्हणून त्याला जागतिक व्यापार संघटनेचा 1995 पासून लागू असलेला एसपीएस करार (अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पती आरोग्याच्या उपायांविषयीचा) बांधतो. अन्नसुरक्षेसाठी व्यापारावर घातलेल्या बंधनाला शास्त्रीय आधार हवा, जोखमीचे मूल्यमापन हवे आणि ते बंधन गरजेपेक्षा जाचक नसावे, असे हा करार म्हणतो. कोडेक्सहून कडक मर्यादा ठेवण्याची मुभा देशाला आहे, पण तिचे समर्थन त्याला करावे लागते. हे कलम आपल्यावरही उलटते, याचा आपल्याकडे सोयीस्कर विसर पडतो. बर्ड फ्लूच्या कारणावरून भारताने घातलेल्या आयातबंदीविरुद्ध अमेरिका 2012 मध्ये संघटनेच्या तंट्यात उतरली आणि 2015 मध्ये अपिलातही भारत हरला. आंतरराष्ट्रीय मानकाचा आणि जोखीम-मूल्यमापनाचा आधार आपल्या बंदीला नव्हता.

दुसऱ्या निकालामागे फक्त खरेदीदार असतो. 2005 मध्ये सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या चिमुकल्या केळी-निर्यातदार देशाने एसपीएस समितीत तक्रार मांडली की, ब्रिटिश सुपरमार्केटमध्ये केळी विकायची तर युरेपगॅप (आजचे ग्लोबलगॅप) हे दुकानदारांचे खासगी शेती-मानक पाळावे लागते आणि लहान शेतकऱ्याला ते झेपत नाही. त्यावर ‘ही आमची मानके नाहीत’ असे युरोपीय बाजूचे उत्तर होते. कराराच्या तेराव्या कलमात बिगरसरकारी संस्थांचा उल्लेख आहे खरा, परंतु दुकानांच्या साखळ्या त्यात मोडतात का, याचा निर्णायक अर्थ लागलेला नाही आणि ‘खासगी मानक’ या शब्दाच्या व्याख्येवरही समितीत एकमत झाले नाही. त्यामुळे अशा नकारावर दिल्लीने जिनिव्हात, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयात, भांडावे ही मागणी मला निरर्थक वाटते. या दोन्ही गोष्टींना सरसकट ‘युरोपचे निकष’ म्हणणे तर बंदच व्हावे. एक ‘सरकारी मर्यादा’, दुसरी ‘खरेदीदाराची अट’, इतके साधे शब्द आपल्याकडे आहेत.

2010 मध्ये युरोपात अडलेल्या आपल्या द्राक्षांचे उदाहरण सगळे देतात, आणि बहुधा चुकीच्या बाजूने. तेव्हा त्यांत क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारे रसायन, म्हणजे बागेतले लिहोसिन, किलोमागे 0.05 मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त सापडले होते. ती सरकारी मर्यादा होती. तिच्याबद्दल सरकारने सरकारशी बोलणे रास्तच होते.



खरेदीदाराच्या अटीवर दाद मागायची जागा म्हणजे त्याच्याशी झालेला करार किंवा दुसरा खरेदीदार. म्हणून माल कोणत्या साखळीला जाणार, तिथे एमआरएलच्या किती टक्के अंश चालतो आणि किती रसायने चालतात, हे निर्यातदाराकडून ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच लेखी घ्यावे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचतो तोवर फवारण्या होऊन गेलेल्या असतात.