आल्तिनोचं रडार वेगळं, सॅटेलाइटवरचं वेगळं

चवथीच्या आधी गोव्यात आमच्या साखळी गावात पाऊस धो धो लागला की आमच्या घरच्या ग्रूपवर तो हिरव्या-पिवळ्या-लाल ठिपक्यांचा फोटो येतोच आणि खाली मामाचं ठरलेलं, "सॅटेलाइटवरनं काढलाय". मामा, तो सॅटेलाइटचा नव्हे ओ, पणजीत आल्तिनोवर हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे ना, त्याचा.

ते एका जागी बसून थाळी गोल फिरवतं, लहरी सोडतं आणि पावसाच्या थेंबांवर आपटून किती परत येतं ते मोजतं, लाल म्हणजे जोराचा. दर काही मिनिटांनी नवं चित्र, त्यामुळे कपडे वाळत घालायचे का ते ह्यालाच विचारायचं.

सॅटेलाइटवर असतं ते सार (SAR), म्हणजे वरनं लहरी सोडून जमिनीचं चित्र काढणारं रडार. त्याला पावसाशी काही देणंघेणं नाही, ढगातून आरपार जमीन बघतं, रात्रीसुद्धा. असं रडार असलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, ७४७ किलोमीटरवरनं फिरतो, आणि त्याच जागेवर परत यायला १२ दिवस लावतो. संध्याकाळच्या पावसाचं तो काय सांगणार!

गंमत म्हणजे निसारवर एल बँडच्या (बँड म्हणजे लहरीच्या लांबीचा गट) जोडीला एस बँडही आहे, आल्तिनोचं रडारही एस बँडच, साधारण १० सेंटीमीटरची लहर, तरी एकाला पाऊस दिसतो नि दुसऱ्याला जमीन. कारण जमिनीवरनं येणारा सिग्नल थेंबांपेक्षा कितीतरी दांडगा असतो. आल्तिनोच्या रडारला डोंगर मध्ये कडमडतात, म्हणून जे हलत नाही ते कचरा समजून गाळून टाकतात. सारला नेमका तोच कचरा हवा असतो, उलट हलणारं काही आलं की त्याचा गोंधळ होतो, चालती बोट आपल्या फेसाच्या रेघेपासून बाजूला सरकलेली दिसते, रेल्वे तर चक्क रूळ सोडून शेतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं फोटोच बिघडलाय.

सारचं चित्र बहुतेक काळंपांढरं. सपाट पाण्यावरनं लहर आरशासारखी पलीकडे निसटते, परत काही येत नाही, म्हणून पाणी काळं. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताचा, बांध फुटला तर पाणी कुठवर घुसलं ते असं कळतं. पण भात उंच वाढलेलं असेल तर फसगत, लहर पाण्यावर आणि मग दांड्यावर आपटून जास्तच जोरात परत येते नि बुडलेलं शेत उजळ दिसतं.

समुद्रावरचं तेलही काळंच, कारण ते बारीक लाटा दाबून टाकतं. मे महिन्यात किनाऱ्यावर पायाला चिकटणाऱ्या डांबरगोळ्यांचा माग काढायला हे कामाचं, फक्त वारा पडला तरी पाणी तसंच काळं दिसतं, त्यामुळे त्या वेळचा वारा किती होता ते आधी बघावं लागतं.