बालगंधर्व, जळगाव आणि 1935 चा पडदा : पार्श्वभूमी

स्त्रीभूमिकांनी गाजलेले गायक-नट बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, यांच्या नावाचे खुले नाट्यगृह जळगावात आहे, त्यांच्याच नावाने हिवाळ्यात संगीत महोत्सवही भरतो. बाहेरगावच्या पाहुण्याला याचे नवल वाटते, कारण राजहंस घराणे मूळचे सांगलीकडच्या नागठाण्याचे. पण शाळकरी वयात नारायण नातेवाइकांकडे जळगावी राहिला आणि गाण्याची सुरुवातीची तालीम त्याला इथल्याच एका खाँसाहेबांकडे मिळाली. पुढे कानाच्या दुखण्यावर इलाज करायला तो मिरजेला गेला आणि तिथूनच 1905 साली नाटक मंडळीत शिरला. चरित्रांत मिरजेला प्रकरण मिळते, जळगावला दोन ओळी. नाटकात जाण्याआधी आवाज ज्या गावात घडू लागला, त्याला एवढे कमी माप पडू नये.

भामिनी (1911), रुक्मिणी (1916), सिंधू (1919) या त्यांच्या स्त्रीभूमिकांविषयी नव्याने सांगायला नको. मंडळी तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा दौरा करत, तो कापसाच्या हंगामात. दिवाळीनंतर कापूस जिनात गेला की गावांत पैसा खेळे, आणि पडदे, पेटारे, ऑर्गन असा सगळा पसारा रेल्वेने उतरवणे जळगाव-भुसावळच्या मार्गावर सोपे पडे. धुळ्याला जायचे तर चाळीसगावला गाडी बदलायची.

खरा वाद आहे तो 1935 चा. कर्जाने वाकलेली गंधर्व नाटक मंडळी 1934 मध्ये बंद पडली आणि लगेच पुण्याच्या एका नामवंत चित्रसंस्थेशी भागीदारीत सहा बोलपट काढण्याचा करार झाला. पहिल्या बोलपटात त्यांना संत एकनाथांची भूमिका मिळाली, म्हणजे पुरुषाची. त्याचे आधी ठरलेले नाव ‘महात्मा’. ते गांधीजींची आठवण करून देते म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि चित्रपट ‘धर्मात्मा’ या नावाने झळकला. भागीदारी या एकाच चित्रपटावर संपली. ज्यांना डोळ्यांसमोर रुक्मिणी दिसत होती, त्या प्रेक्षकांना पुरुषवेषातले नारायणराव रुचले नाहीत. तेव्हापासून ‘गंधर्वांना सिनेमा जमला नाही’ हे वाक्य रूढ झाले, आजही ते बिनदिक्कत लिहिले जाते.

आमच्या मते हा निवाडा एकतर्फी आहे. त्या वेळी त्यांचे वय 47 होते. रंगमंचावर पहिली रांगसुद्धा चार-पाच हात लांब असते, प्रकाश समोरून सपाट पडतो, आणि स्त्रीचा भास चेहऱ्यापेक्षा मानेची कलती, पदर सावरण्याची लय, हाताचे वळण यांतून उभा राहतो. कॅमेरा जवळ आला की गालाचा फुगवटा आणि डोळ्यांखालचा सैलपणा आधी दिसतो, चाल नि वळण चौकटीबाहेर राहते. तेव्हा पुरुषाची भूमिका देण्यामागचे गणित समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे ज्या देहबोलीवर तीस वर्षे खर्ची पडली होती, तीच बाद झाली.

दुसरी अडचण गाण्याची. नाटकात एक पद वन्समोअरसकट पंधरा-वीस मिनिटे चाले. तीच ओळ ते दर वेळी नव्या जागेवरून उचलत, समेवर थांबत, प्रेक्षकांकडून दाद आली की पुन्हा वळत. सिनेमात गाणे तीन-चार मिनिटांत आटपायचे, त्याचेही तुकडे पडायचे. पार्श्वगायन तेव्हा रुळले नव्हते, त्यामुळे नटाने कॅमेऱ्यासमोर मायक्रोफोनच्या टप्प्यात राहूनच गायचे. समोर प्रेक्षक नाही, दाद नाही. जो गायक दाद ऐकून पुढची जागा ठरवतो, त्याच्या हातात मग पाठ केलेली चाल तेवढी उरते. 1937 मध्ये ते मीराबाईच्या वेषातही पडद्यावर आले, पण तेव्हाही या अडचणी तशाच होत्या.

पुढे ते पुन्हा नाटकाकडे वळले. 1938 साली त्यांच्या नाटक कंपनीत एक कर्नाटकी गायिका-नटी आली आणि नायिकेची कामे करू लागली. नारायणराव पुरुषपार्ट करू लागले. स्त्रीच्या भूमिकेत स्त्रीच असावी हा आग्रह तोवर सगळ्या मराठी रंगभूमीवर बळावला होता. त्या बाईंवर झालेली टीका मात्र कामापेक्षा त्यांच्या जातीधर्माबद्दल आणि नारायणरावांच्या संसाराबद्दल अधिक होती. त्यांच्या गायकीचा विचार त्यात हरवला. तो आता तरी व्हायला हवा.

1964 मध्ये पद्मभूषण मिळाले, 15 जुलै 1967 ला पुण्यात निधन झाले. आज नव्या गायकांना शिकायला मुख्यतः त्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्याच उरल्या आहेत, आणि खानदेशातली मुले स्पर्धेसाठी पदे बसवतात ती त्यांवरूनच. इथे दोन चुका नेहमी होतात.

पहिली चूक लयीची. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. त्यात पद मावावे म्हणून लय चढवलेली असते, आलाप कापलेला असतो. मुले तीच लय खरी समजतात, ताना दाट होतात आणि शब्द गिळले जातात. लय थोडी उतरवून आधी फक्त शब्द स्पष्ट म्हणावेत, मग हरकती घालाव्यात.

दुसरी चूक सुराची. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांऐवजी 82 ते 83 फेऱ्यांनी फिरली, तर गाणे पेटीवर जवळजवळ एक पट्टी वर चढते. चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग सैल पडून वेग 74 च्या खाली गेला, की तेवढेच खाली उतरते. इंटरनेटवरच्या पुष्कळ प्रती अशाच बेभरवशाच्या यंत्रांवरून उतरवलेल्या आहेत. ‘नारायणराव अमुक पट्टीत गात’ हे त्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. ज्यांच्याकडे मूळ तबकडी आणि ती वाजवणारे यंत्र आहे त्यांनी 77 रेघांची स्ट्रोब चकती, म्हणजे वेग तपासण्यासाठी तबकडीवर ठेवायची रेघांची चकती, वापरावी. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवरच्या साध्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या, की वेग 77.92 आहे असे समजावे. एलईडी दिवा घेऊ नये, कित्येक एलईडींत उजेडाची थरथरच नसते. 1925 च्या आधीच्या तबकड्यांचे मुद्रण मुळातच वेगवेगळ्या वेगांवर झालेले असल्याने तिथे चकतीही पुरत नाही. अशा वेळी साथीच्या ऑर्गनचा सूर दोन पट्ट्यांच्या अधेमधे लागतो का हे पाहावे, आणि तसा लागला तरी जुनी पेटी आजच्या सुराला लावलेली नसते हे धरूनच काय तो निष्कर्ष काढावा.