जपानी कॉपी वेगळी, जपानी फेंडर वेगळी

जुन्या जपानी गिटारींच्या जाहिराती चाळल्या की ‘लॉसूट गिटार’ (लॉसूट म्हणजे कोर्टातला खटला) हे लेबल हमखास दिसतं. त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे सत्तरच्या दशकात फेंडर किंवा गिब्सन या अमेरिकन गिटार कंपन्यांना न विचारता केलेली कॉपी: ग्रेको, टोकाई, आयबनेझ वगैरे जपानी ब्रँड. दुसरी म्हणजे 1982 पासून खुद्द फेंडरच्या संमतीने जपानमध्ये बनलेली फेंडर आणि स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड).

या लेबलामागचा खटला एकच. 1977 मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबनेझच्या अमेरिकेतल्या शाखेला, एल्गरला, फिलाडेल्फियाच्या कोर्टात खेचलं. वाद होता फक्त हेडस्टॉकच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या, आकाराचा, आणि आयबनेझने तो आधीच बदलायला घेतला होता. शेवटी प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. ग्रेको किंवा टोकाई यात नव्हतेच. तेव्हा या लेबलासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

गोंधळ होतो तो मुख्यतः एका कारखान्यामुळे. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात फुजिगेन हा गिटारींचा कारखाना आहे. कांदा शोकाई या कंपनीच्या ग्रेको आणि होशिनो या कंपनीच्या आयबनेझ गिटारी तिथे बनत. सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीच्या ताब्यातल्या फेंडरचा दर्जा सत्तरच्या दशकात घसरला होता आणि जपानी कॉप्या स्वस्त असूनही वरचढ ठरत होत्या. अखेर 1982 मध्ये फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी कंपन्यांसोबत फेंडर जपान ही कंपनी काढली आणि काम दिलं फुजिगेनलाच. कालपर्यंत ग्रेकोच्या नावाने स्ट्रॅट (फेंडरचं स्ट्रॅटोकास्टर मॉडेल) बनवणारा कारखाना आता अधिकृत स्ट्रॅट बनवू लागला. म्हणून लाकूड आणि कारागिरी पाहून दोन्हींत फरक करायला गेलात तर फसाल.

फरक सापडतो तो नावात आणि नंबरात. सुरुवातीच्या जपानी फेंडर आणि स्क्वायरचा सिरियल नंबर ‘जेव्ही’ने सुरू होतो; हा काळ साधारण 1982 ते 84. फुजिगेनच्या ग्रेको-आयबनेझवर 1975 च्या अखेरपासून आधी महिन्याचं अक्षर, मग वर्षाचे दोन आकडे असतात. टोकाई हमामात्सुची, फुजिगेनशी तिचा संबंध नाही. तिच्या स्प्रिंगी साउंड या स्ट्रॅट-कॉपीच्या हेडस्टॉकवरचं ‘टोकाई’ मात्र अशा वळणाने लिहिलंय की चार हातांवरून फेंडरच वाटावं. जवळ जाऊन अक्षरं वाचा. मॉडेलचा आकडाही बोलका असतो: टोकाईची एसटी-80 म्हणजे त्या वेळची 80,000 येनांची गिटार, ग्रेकोची ईजी-500 म्हणजे 50,000 ची. कॉपीतही वरच्या आणि खालच्या दर्जाची असते, हे या आकड्यावरून लगेच कळतं.

लेस पॉल या गिब्सनच्या मॉडेलच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. सत्तरच्या सुरुवातीच्या बऱ्याच कॉप्यांत नेक (गिटारीची मान) बॉडीला चिकटवलेली नसते, मागून चार स्क्रूंनी आवळलेली असते, आणि फुगीर दिसणारा वरचा भाग म्हणजे वाकवलेलं प्लायवूड, खाली पोकळी. बोटाने टकटक केलं की आवाजच सांगतो. दशकाच्या शेवटी चांगल्या मॉडेल्सना चिकटवलेली नेक आणि भरीव बॉडी आली, आणि त्या खरोखर उत्तम आहेत. गिब्सनच्या संमतीने जपानमध्ये बनलेली ऑर्व्हिल ब्रँडची लेस पॉल मात्र थेट 1988 मध्ये आली. त्याआधीची जपानी लेस पॉल कितीही देखणी असली तरी कॉपीच समजावी.

बेस गिटार घेणाऱ्यांना माझा सल्ला: टोकाईची हार्ड पंचर (फेंडरच्या प्रिसिजन बेसची कॉपी) आणि जेव्ही नंबरच्या स्क्वायरची प्रिसिजन, दोन्ही शेजारी ठेवून वाजवा. स्क्वायरच्या किमतीत फेंडरचं नातं धरलेलं असतं. पुढे विकायची असेल तर ते नातं कामी येतं. वाजवायलाच घेत असाल तर नेक सरळ आहे का, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) किती झिजलेत, पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) मूळचे आहेत का, एवढं बघा आणि हाताला बसेल ती घ्या.