भाषिक सामाजिकीकरण

माणूस ज्या लोकांत वाढतो त्यांचे बोलणे उचलतो आणि त्या बोलण्यातूनच त्यांच्यात वागावे कसे हेही शिकतो. या दुहेरी शिकण्याला भाषिक सामाजिकीकरण म्हणतात. एलिनॉर ऑक्स आणि बॅम्बी शिफेलिन या अभ्यासिकांनी १९८० च्या दशकात ही संकल्पना मांडली.

घरच्या भाषेचा संस्कार फार लवकर होतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या १९८४ मधील प्रयोगांत, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ यांत फरक करू शकत होती. वर्षाची होईपर्यंत ही क्षमता बरीच ओसरली, कारण त्यांच्या घरी या फरकाला काही अर्थ नव्हता. मात्र बाळाशी सतत लाडे लाडे बोलल्याशिवाय ते बोलायला शिकत नाही, हा समज खरा नाही. पापुआ न्यू गिनीतील कालुली लोकांत तान्ह्या बाळाशी संवाद साधण्याची रीत नाही. आई बाळाला लोकांकडे तोंड करून धरते आणि त्याच्या वतीने बोलते. तरीही तिथली मुले वेळेवर आणि नीट बोलू लागतात.

मूल घराबाहेर खेळू लागले की आईवडिलांच्या उच्चारांची पकड सुटत जाते. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स हे १९६७ नंतर वसवलेले शहर. तिथे ठिकठिकाणाहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांचा अभ्यास पॉल करस्विल आणि अ‍ॅन विल्यम्स यांनी केला. चार वर्षांची मुले बरीचशी आईसारखी बोलत होती. आठ आणि बारा वर्षांची मुले एकमेकांसारखी.

सवंगड्यांची ताकद सर्वांत लख्ख दिसते ती निकाराग्वात. मानाग्वा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. तोवर ही मुले ऐकणाऱ्या कुटुंबांत एकेकटी वाढत होती आणि घरापुरत्या खुणांवर त्यांचे भागत होते. शाळेत भर होता ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्यावर, आणि तो फारसा फळला नाही. पण खेळाच्या मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या खुणा एकत्र केल्या. पुढे आलेल्या लहान मुलांनी त्यांना व्याकरणाची घडण दिली आणि निकाराग्वाची खूणभाषा जन्माला आली. ती कोणी शिकवलेली नव्हती. शाळेने दिली ती फक्त सोबत, आणि तेवढी पुरली.

शाळा लेखन, प्रमाणभाषा आणि विषयांच्या परिभाषा देते. घरात हे क्वचितच मिळते. पण बोलण्याच्या एकाच रीतीला ती हुशारीचे माप मानते तेव्हा अन्याय करते. शर्ली ब्राइस हीथ यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कॅरोलिना भागात एका कृष्णवर्णीय कामगार वस्तीचे निरीक्षण केले. तिथली मोठी माणसे, ज्याचे उत्तर स्वतःला ठाऊक आहे असा प्रश्न मुलांना सहसा विचारत नसत. वर्गात नेमके तेच प्रश्न येत आणि घरी गोष्टी रंगवून सांगणारी मुले गप्प बसत. ही गप्प राहणारी मुले मठ्ठ नव्हती, त्यांची संवादाची रीत निराळी होती. शिक्षकांनी प्रश्नांची धाटणी बदलली तेव्हा ती बोलू लागली.

मोठेपणी हे घडणे मंदावते, थांबत नाही. जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथ दुसरी यांची नाताळची भाषणे तपासली. १९५० ते १९८० च्या दशकांदरम्यान राणीचे स्वर दक्षिण इंग्लंडमधल्या सर्वसामान्य, तरुण बोलण्याकडे सरकलेले त्यांना आढळले.